पाण्याने वाढवलेलं, पाण्याने सोडलेलं रीबे

रीबेच्या कॅथेड्रलमध्ये शिरायचं तर चौकातून खाली उतरावं लागतं. डेन्मार्कमधल्या सर्वांत जुन्या शहराचं हे मुख्य चर्च. बाराव्या शतकात ते बांधायला घेतलं तेव्हा नदीकाठची थोडी उंच, कोरडी जागा मुद्दाम निवडली होती. आज मात्र ते खळग्यात बसल्यासारखं दिसतं. चर्च खचलं नाही, भोवतालचं शहर वर आलं. इथली जमीन सखल आणि कायम ओली. चिखलातून वाट काढायची म्हणून लोक रस्त्यावर आणि अंगणात फांद्या, शेण, वाळू, विटांचे तुकडे, जे हाती लागेल ते टाकत राहिले. घर जळालं किंवा पडलं की राडारोडा तिथेच पसरून त्यावर नवं घर उभं राहायचं. असे थरावर थर साचत शहराची पातळी चढत गेली आणि चर्च होतं तिथेच राहिलं. पुढे जीर्णोद्धार करणाऱ्यांनी भोवतालची माती उकरून जुनी पातळी पुन्हा मोकळी केली. त्यामुळे चौकाच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं, की शेकडो वर्षांत हे शहर किती चढलं ते मोजपट्टीशिवाय कळतं.

रीबे हे जटलंड द्वीपकल्पाच्या नैऋत्य टोकाजवळचं, सुमारे आठ हजार वस्तीचं गाव. कोपनहेगनहून आगगाडीने तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, वाटेत गाडी बदलावी लागते. एस्बियर्ग या मोठ्या बंदरापासून मात्र ते अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. बरेच पर्यटक सकाळी येतात, लाकडी चौकटींच्या घरांचे फोटो काढतात, चौकात जेवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. घरं सुंदर आहेतच. पण रीबे कळायचं असेल तर सुरुवात घरांपासून करू नये, नदीपासून करावी. या गावात पाहण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक सगळं एकतर पाण्याने आणलेलं आहे, नाहीतर पाणी पाठ फिरवून गेल्यामुळे शिल्लक राहिलेलं आहे.

नदीचं नाव रीबे ओ. पात्र लहान, प्रवाह संथ. इथून काही किलोमीटर पश्चिमेला ती वाडन समुद्राला मिळते. वाडन समुद्र म्हणजे नेदरलँड्सपासून डेन्मार्कपर्यंत पसरलेला उथळ किनारपट्टा. भरतीला तो पाण्याखाली असतो आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्याचा डॅनिश भाग २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेतला गेला. या उघड्या, वादळी किनाऱ्यावर गलबत लावणं धोक्याचं होतं. नदीतून थोडं आत शिरलं की मात्र आडोसा मिळायचा. त्यातच जटलंडमधून दक्षिणेकडे जाणारा खुश्कीचा रस्ता याच ठिकाणी नदी ओलांडायचा. समुद्रातून येणारी वाट आणि जमिनीवरची वाट जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे बाजार भरू लागला.

हा बाजार भरू लागला तो इसवी सन ७१०च्या सुमारास, नदीच्या उत्तर काठावर. व्हायकिंग युगाची सुरुवात सर्वसाधारणपणे ७९३ सालापासून धरतात, त्या वर्षी इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावर हल्ला झाला. म्हणजे उत्तरेकडची माणसं परक्या किनाऱ्यांवर लुटीसाठी उतरू लागली, त्याच्या सुमारे ऐंशी वर्षं आधीपासून रीबेत देवघेव चालली होती. व्हायकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड येते. रीबेतल्या उत्खननांनी तिच्या शेजारी तराजू आणून ठेवला आहे, आणि माझ्या मते या गावाने इतिहासाला दिलेलं सर्वांत मोठं देणं हेच आहे.

ही उत्खननं १९७०च्या दशकात नेटाने सुरू झाली आणि आजही थांबलेली नाहीत. मिळालेल्या वस्तू ‘रिबेस व्हायकिंगर’ या संग्रहालयात पाहायला मिळतात. तिथे किमान दोन तास काढावेत. आधी काचेचे मणी नीट पाहावेत. नखाएवढ्या मण्यांवर रंगीत रेघा, ठिपके आणि नागमोडी वळणं आहेत. मणी रीबेतच बनत, कच्ची काच मात्र दुरून येई. तिच्यात भूमध्य समुद्राकडच्या जुन्या रोमन इमारतींच्या भिंतींवरून काढलेले मोझॅइकचे चौकोनी तुकडेही होते. रीबेचा कारागीर ते वितळवून त्यांचे मणी करी. शेजारच्या कपाटात शिंगांचे कंगवे आहेत. त्यातली काही शिंगं रेनडियरची निघाली, आणि रेनडियर डेन्मार्कात नाही, नॉर्वेत असतो. म्हणजे आठव्या शतकाच्या पूर्वार्धातच नॉर्वेहून जहाजं इथे ये-जा करत होती. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातली जाती आहेत, बोटाच्या नखाएवढी चांदीची नाणी आहेत, आणि ७२५च्या सुमाराचा माणसाच्या कवटीचा एक तुकडा आहे. त्याला भोक पाडलेलं आहे आणि त्यावर रून लिपीत काही अक्षरं कोरली आहेत. ओडिन देवाचं नाव त्यात स्पष्ट वाचता येतं. बाकीच्या मजकुराच्या अर्थावर विद्वान अजून भांडताहेत. बहुधा तो पीडा घालवण्याचा ताईत असावा.

शिंग, लाकूड, चामडं यांसारख्या वस्तू तेराशे वर्षं टिकल्या त्या ओल्या जमिनीमुळेच. पाण्याने भरलेल्या मातीत हवा पोचत नाही, आणि हवा नसली की कुजवणाऱ्या जिवाणूंचं फारसं चालत नाही. विहिरींच्या लाकडी भिंती तर इतक्या शाबूत निघाल्या की खोडातल्या वर्तुळांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं ते ठरवता आलं. रहिवाशांना ज्या चिखलाने हैराण केलं, त्याच चिखलाने त्यांचं घरगुती सामान पुढच्यांसाठी जपून ठेवलं.

अशा बाजारात धर्मही व्यापाऱ्यांच्या मागोमाग येतो. नवव्या शतकात आन्स्गार नावाचा फ्रँक संन्यासी उत्तरेत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करत फिरत होता. ८६०च्या सुमारास त्याने डॅनिश राजा धाकटा होरिक याच्याकडून रीबेत चर्च बांधण्याची परवानगी मिळवली. ही हकीकत आन्स्गारच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. गुरूचं चरित्र शिष्याने लिहिलं म्हटल्यावर इतिहासकार ते जपूनच वाचत होते. पण एकविसाव्या शतकात कॅथेड्रलच्या अगदी शेजारी खोदकाम झालं, तेव्हा जुन्या ख्रिस्ती पद्धतीच्या कबरींची दाटी सापडली आणि त्यांतल्या काही नवव्या शतकातल्या निघाल्या. तोपर्यंत डेन्मार्क अधिकृतपणे ख्रिस्ती झालेला नव्हता. जुन्या देवांना मानणाऱ्यांच्या गावात, नदीच्या पलीकडच्या काठावर, नव्या देवाला मानणारे आपली माणसं पुरत होते. ९४८ साली रीबेच्या बिशपचं नाव कागदोपत्री आढळतं.

आता पुन्हा कॅथेड्रलकडे. बाहेरून पाहताना आधी दगडाचा रंग लक्षात घ्यावा. पिवळट, करडा, मधेच तपकिरी, जवळून पाहिलं तर बारीक भोकंभोकं असलेला. हा टफ. ज्वालामुखीची राख साचून, घट्ट होऊन तो तयार होतो. आपल्या दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्ह्याचा, म्हणून छिन्नीला दाद न देणारा आणि वजनदार. राखेपासून झालेला टफ हलका आणि मऊ, खाणीतून काढल्यावर करवतीने कापता येण्याजोगा. डेन्मार्कमध्ये ज्वालामुखी नाहीत. हा दगड जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या खाणींतून आला. नदीतून खाली समुद्रापर्यंत, मग फ्रिजियन बेटांच्या आडोशाने उत्तरेकडे, आणि शेवटी रीबे ओमधून थेट गावात. जटलंडच्या अंतर्भागातली खेड्यांतली चर्चेस शेतात सापडणाऱ्या ग्रॅनाइटची आहेत. पश्चिम किनाऱ्यावर मात्र टफची चर्चेस दिसतात, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला परदेशातला दगड जलमार्गाने आणणं सोपं होतं. रीबेचं कॅथेड्रल म्हणजे गलबतांतून एकेक खेप करून आणलेली टेकडीच.

बांधकाम बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नेटाने सुरू झालं आणि तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. आत गेल्यावर मधल्या उंच दालनाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दालनं दिसतात. अशा पाच समांतर दालनांचं चर्च सबंध डेन्मार्कमध्ये दुसरं नाही. मूळ चर्च तीन दालनांचं होतं, पुढे कडेला आणखी दोन जोडली. म्हणून आतले खांब आणि कडेचे खांब वेगवेगळ्या हातांचे वाटतात. सुरुवातीच्या कमानी गोल आहेत. वर पाहत गेलं की काम लांबत असताना वास्तुशैली कशी बदलत गेली, ते टोकदार कमानींवरून समजतं. मध्यावर घुमट आहे. उत्तर युरोपच्या या टोकाला असा घुमट क्वचितच पाहायला मिळतो. ज्या ऱ्हाइनलँडहून दगड आला तिथलीच बांधणी गवंड्यांच्या डोळ्यांपुढे होती.

पूर्वेकडच्या अर्धवर्तुळाकार भिंतीकडे वळलं की धक्का बसतो. गर्द निळे, पिवळे, लाल रंग, पक्षी, चेहरे, शिड्या, तारे. कार्ल-हेनिंग पेडरसन या चित्रकाराने १९८२ ते १९८७ या काळात केलेलं हे काम आहे. त्यात मोझॅइक आहेत, रंगीत काचांच्या खिडक्या आहेत आणि वरच्या अर्धघुमटावरची चित्रंही आहेत. पेडरसन ‘कोब्रा’ या युरोपीय चित्रकार-गटातला. लहान मुलांच्या चित्रांतला मोकळेपणा त्या गटाला प्रिय होता. आठशे वर्षांच्या चर्चमध्ये असं काही करावं का, यावर त्या वेळी मोठा वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: करावं. हे चर्च एका काळाचं कधीच नव्हतं. टफवर विटा चढल्या, तीन दालनांची पाच झाली, कॅथलिक चर्च लुथरपंथी झालं. विसाव्या शतकाने आपली भर घातली नसती तर आठशे वर्षं चालत आलेली साखळी तिथे तुटली असती. सकाळी ऊन पूर्वेच्या खिडक्यांतून आत येतं तेव्हा हे रंग राखाडी दगडावर पसरतात. शक्य असेल तर ती वेळ गाठावी.

दक्षिणेच्या दाराला ‘मांजरमुखी दार’ म्हणतात. दारावरचं मूळ शिल्प सिंहाच्या मुखाचं आहे, गावकऱ्यांना ते मांजराचं वाटलं आणि तेच नाव रूढ झालं. दाराच्या वरच्या अर्धगोलात येशूला क्रुसावरून उतरवतानाचं दृश्य कोरलं आहे. येशूचा निर्जीव हात आईने दोन्ही हातांत धरला आहे. त्याच्या वरच्या त्रिकोणात स्वर्गीय जेरुसलेम आहे आणि तिथे राजा दुसरा वाल्डेमार आणि राणी डागमार असल्याचं मानतात. डागमार बोहेमियाची राजकन्या, १२०५ साली ती डेन्मार्कची राणी झाली आणि काही वर्षांतच वारली. लोकगीतात ती रीबेत आजारी पडते, राजा घोडा मारत येतो, आणि मरताना तिला एकाच पापाची आठवण होते: रविवारी तिने बाह्यांना रेशमी नाड्या घातल्या होत्या. त्या लोकगीताची चाल कॅथेड्रलच्या घंटा आजही दुपारी बारा आणि तीनला वाजवतात. राजाच्या किल्ल्याची, रीबरहूसची, आता खंदकाने वेढलेली गवताची टेकडी तेवढी उरली आहे. तिथे १९१३ साली आने मारी कार्ल-निल्सन या शिल्पकार स्त्रीने घडवलेला डागमारचा पुतळा आहे. राणी नावेच्या नाळेवर उभी आहे, समुद्रावरून नुकतीच आल्यासारखी.

कॅथेड्रलला दोन अगदी विजोड मनोरे आहेत. वायव्येचा चौकोनी, लाल विटांचा, माथा सपाट असलेला मनोरा चर्चचा कमी आणि शहराचा जास्त वाटतो, आणि ते खरंच आहे. १२८३च्या नाताळात इथला जुना मनोरा कोसळला आणि प्रार्थनेला जमलेली माणसं त्याखाली मेली. चौदाव्या शतकात त्या जागी हा नवा उभा राहिला. त्याचं नाव ‘बोर्गर टॉर्न’, म्हणजे नागरिकांचा मनोरा. शहरावर नजर ठेवायची, आग, शत्रू किंवा पाणी येताना दिसलं की घंटा वाजवायची, ही त्याची कामं. पायऱ्या अडीचशेच्या आसपास आहेत. दम लागतो, पण चढावंच. वरून पश्चिमेकडे पाहिलं की हिरवी, सपाट कुरणं दिसतात, आणि त्यांच्यापलीकडे लांब एक बारीक सरळ रेघ. ती रेघ म्हणजे समुद्राचा बांध. त्याची गोष्ट शेवटी.

खाली उतरून धक्क्याकडे, स्किबब्रोएनला यावं. मध्ययुगात इथे डेन्मार्कच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. आता काठावर चहा-कॉफीची दुकानं आहेत आणि सपाट तळाचं एक जुन्या घडणीचं जहाज बांधलेलं असतं. तळ सपाट का? ओहोटीला चिखलात बसलं तरी कलंडू नये म्हणून. त्याच धक्क्यावर एक लाकडी खांब आहे. त्यावर वेगवेगळ्या उंचीला धातूची कडी आहेत आणि प्रत्येकावर साल लिहिलेलं आहे. वादळात समुद्राचं पाणी गावात कुठवर चढलं, याची ही नोंद. बाकीची कडी पाहताना आपण मान थोडी वर करतो. १६३४चं कडं सगळ्यांत वर आहे, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर.

११ ऑक्टोबर १६३४ची ती रात्र. उत्तर समुद्राचा आग्नेय कोपरा उथळ आहे आणि नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. तिथे वायव्येकडून जोराचा वारा तासन्‌तास वाहिला की पाणी कोपऱ्यात कोंबलं जातं, आणि त्याच वेळी भरती असली की किनारा बुडतो. त्या रात्री दोन्ही जुळून आलं. रीबेला पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटरहून जास्त चढलं आणि कॅथेड्रलच्या आतही शिरलं. दक्षिणेकडे स्ट्रांड नावाचं मोठं बेट त्या रात्रीत फुटलं, त्याचे तुकडे आज वेगळ्या बेटांच्या नावांनी नकाशावर आहेत. सबंध किनाऱ्यावर हजारो माणसं आणि त्याहून जास्त गुरं वाहून गेली. रीबेसाठी हा घाव वाईट वेळी बसला. १५३६च्या धर्मसुधारणेनंतर मठ बंद होऊन चर्चचा पैसा आटला होता, नदी गाळाने भरत होती आणि जहाजं मोठी होत चालली होती. पुढच्या दोन-तीन दशकांत स्वीडनशी झालेल्या युद्धांत सैन्यं गावात शिरली. व्यापार कोपनहेगनकडे गेला. रीबेचा मोठेपणा गेला तो परत आलाच नाही.

आज ज्या गल्ल्यांसाठी लोक येतात त्या या उतरत्या कळेने जपल्या. १५८०च्या आगीत दोनशेहून जास्त घरं जळाली होती. तेव्हा शहराकडे अजून पैसा होता, घरं भराभर पुन्हा बांधली गेली. मग पैसा संपला, आणि घरं पाडून नवी बांधायला कुणाकडेच काही उरलं नाही. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकातली बांधणी इथे गल्लीच्या गल्ली टिकून आहे. उभ्या-आडव्या लाकडी तुळयांची चौकट, तिच्या चौकोनांत विटांचं भरण, वरचा मजला रस्त्यावर थोडा पुढे झुकलेला. जमीन मऊ असल्यामुळे काही भिंती ओळंब्यात राहिलेल्या नाहीत, पण लाकडी चौकट लवते, मोडत नाही. चौकातलं ‘वाइस स्टूए’ हे १६००च्या सुमाराचं खाणावळवजा घर आत जाऊन पाहावं. छत इतकं खाली की उंच माणसाला वाकावं लागतं, आणि भिंतींवर निळ्या-पांढऱ्या डच टाइल्स आहेत. फिस्करगेडमधून नदीकडे जाणारे अरुंद बोळ आहेत. पूर्वी कोळी आणि व्यापारी या बोळांतून माल थेट पाण्यापर्यंत नेत.

वाइस स्टूएच्या जवळच जुनं नगरभवन आहे. इमारत १४९६ची, नगरभवन म्हणून वापर १७०९पासून. डेन्मार्कमधलं हे सर्वांत जुनं. रीबेचा कायदा मध्ययुगात कडक म्हणून कुप्रसिद्ध होता. जवळच्याच वार्डा गावातल्या म्हातारीची गोष्ट इथे सांगतात. मुलाला फासावर लटकलेलं पाहून तिने देवाचे आभार मानले म्हणे, की निदान रीबेच्या कायद्याच्या तावडीत तर सापडला नाही.

हा कडकपणा गोष्टीपुरता नव्हता. गावात मारेन स्प्लिड या बाईची हकीकत सांगणाऱ्या खुणा आहेत, तिथे थांबावं. मारेन एका खात्यापित्या शिंप्याची बायको. १६३७ साली डिड्रिक नावाच्या दुसऱ्या शिंप्याने तिच्यावर चेटकाचा आरोप केला. त्याचं म्हणणं असं, की रात्री बायका त्याच्या खाटेपाशी आल्या, त्यांतली एक मारेन होती, आणि नंतर त्याच्या ओकारीतून काहीतरी विचित्र पडलं. गावच्या धर्मगुरूंनी ती वस्तू तपासून ती नैसर्गिक नाही, असा निर्वाळा दिला. तरीही स्थानिक न्यायालयाने मारेनला सोडलं. नवरा तिच्या बाजूने उभा राहिला होता. डिड्रिक मात्र थेट राजाकडे, चौथ्या क्रिस्टियानकडे गेला. चेटकाविरुद्धचा कठोर फतवा याच राजाने १६१७ साली काढला होता. खटला पुन्हा उभा राहिला. मारेनला कोपनहेगनला नेऊन ब्लू टॉवरच्या तुरुंगात छळलं. ९ नोव्हेंबर १६४१ रोजी रीबेबाहेरच्या फाशीच्या टेकडीवर तिला शिडीला बांधून आगीत लोटलं. आरोप एका धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याने केला, आणि वादळात उद्ध्वस्त झालेल्या, दिवसेंदिवस गरीब होत चाललेल्या गावाने अखेर तो मानला. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय मारेनची शिक्षा कळत नाही, असं मला वाटतं. २०२० साली रीबेत चेटकिणींच्या शिकारीवरचं ‘हेक्स’ हे संग्रहालय उघडलं. ते पाहताना मजेची अपेक्षा ठेवू नये. शेजाऱ्याचा मत्सर, कायदा आणि भीती एकत्र आली की काय होतं, ते तिथे संथपणे उलगडून दाखवलं आहे.

   

सेंट कॅथरिनचं चर्च आणि त्याला लागून असलेला डोमिनिकन मठ अनेकजण वेळेअभावी सोडतात. सोडू नये. डोमिनिकन भिक्षू १२२८ साली रीबेत आले आणि त्यांना मिळाली ती दलदलीची जागा. चर्च शतकानुशतकं खचत राहिलं, खांब कलले, भिंती फाकल्या. अखेर १९१८ ते १९३४ या सोळा वर्षांत अभियंत्यांनी ते उचलून, ओळंब्यात आणून, पायाला नवा आधार देऊन पुन्हा उभं केलं. आत चौकोनी अंगण आणि त्याभोवती कमानींची ओवरी आहे, आणि हा मठ डेन्मार्कमधल्या सर्वांत चांगल्या टिकलेल्या मठांपैकी एक आहे. बाहेर पर्यटकांची वर्दळ असतानाही इथे बसायला जागा मिळते.

एकोणिसाव्या शतकाने रीबेला आणखी दोन धक्के दिले. १८६४ साली प्रशियाशी झालेल्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग गमावलं आणि सरहद्द रीबेच्या अगदी दक्षिणेला येऊन टेकली. १९२०पर्यंत ती तिथेच होती. गावाच्या दक्षिणेकडचा मुलूख परदेशात गेला. दक्षिणेकडची बंदरं गेल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर नवं बंदर हवं होतं. १८६८ साली कायदा करून ते वसवलं, पण रीबेत नाही, उत्तरेला एस्बियर्गच्या मोकळ्या किनाऱ्यावर. तिथे पाणी खोल होतं.

अशा मागे पडलेल्या रीबेत १८४९ साली याकोब रीस जन्मला, लॅटिन शाळेतल्या शिक्षकाचा मुलगा. सुतारकाम शिकला, एलिसाबेथ नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, तिने नकार दिला, आणि १८७० साली तो अमेरिकेला निघून गेला. न्यूयॉर्कमध्ये बेकारी, भूक आणि पोलिसांच्या निवाऱ्यातल्या रात्री अनुभवल्यावर तो पोलीस-बातमीदार झाला. गरिबांच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांचे फोटो तेव्हा निघत नसत. मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड वापरून त्याने ते काढले. त्या फोटोंवर आधारलेलं त्याचं १८९०चं पुस्तक अमेरिकेतल्या घरसुधारणेच्या चळवळीला बळ देणारं ठरलं. एलिसाबेथने पुढे होकार दिला आणि १८७६ साली दोघांचं लग्न रीबेच्या कॅथेड्रलमध्येच झालं. त्याच्या बालपणीच्या घरात २०१९पासून संग्रहालय आहे. मोकळ्या आभाळाखाली, कुरणांशेजारी वाढलेल्या मुलाला न्यूयॉर्कच्या बिनखिडकीच्या खोल्या का सहन झाल्या नाहीत, ते त्या घराच्या अंगणात उभं राहिल्यावर सहज समजतं.

मुक्काम करता आला तर रात्री रस्त्यावर यावं. उन्हाळ्यात पहारेकरी वाइस स्टूएपासून फेरी सुरू करतो, हातात कंदील आणि काटेरी सोटा. जुन्या काळी हे खरंच पहारेकऱ्याचं काम होतं: आग लागली नाही ना पाहायचं, तास गाऊन सांगायचे, रेंगाळणाऱ्यांना घरी पिटाळायचं. १९३०च्या दशकात ही प्रथा पाहुण्यांसाठी पुन्हा सुरू झाली. चालता चालता तो गावच्या गोष्टी सांगतो आणि जुनी पहाऱ्याची गाणी म्हणतो. गावकरीही अधूनमधून सोबत चालताना दिसतात.

दुसरा दिवस समुद्राकडे द्यावा. भाड्याची सायकल घेऊन नदीच्या कडेने पश्चिमेला गेलं की कामरस्लूसेन येतं, १९१२ साली बांधलेला बंधाऱ्याचा दरवाजा. मनोऱ्यावरून दिसलेली रेघ ती हीच. १९११ ते १९१५ या काळात मातीचा लांबच लांब बांध घालून समुद्राला गावापासून अडवलं. नदी बांधातून जाते तिथे हे दरवाजे आहेत. ओहोटीला उघडे राहून नदीचं पाणी बाहेर सोडतात, समुद्र चढला की मिटतात. डिसेंबर १९९९च्या भीषण वादळात बांध टिकला. त्या वेळी ओहोटी होती, हे रीबेचं नशीब. तीच वेळ भरतीची असती तर काय झालं असतं, याचा हिशेब इथले लोक अजून मांडतात. बांधाच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला वाडन समुद्र दिसतो. वसंत आणि शरद ऋतूत संध्याकाळी मैनेच्या कुळातल्या स्टारलिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे कुरणांवर एकवटतात.

इथूनच जवळ वेस्टर वेडस्टेड गावात वाडन समुद्राची माहिती देणारं केंद्र आहे. इमारत अलीकडची, पण छप्पर आणि भिंती किनाऱ्यावरच्या गवताने शाकारलेल्या. मांडो बेटावर जाणाऱ्या ट्रॅक्टर-बस तिथून सुटतात. उंच चाकांच्या त्या गाड्या ओहोटीला उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून बेट गाठतात आणि पाणी चढायच्या आत परततात. सुटण्याची वेळ रोज बदलते. मांडोला जायचं असेल तर हॉटेलचं आरक्षण करण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं आणि कॅथेड्रल, संग्रहालयं, मनोरा हे सगळं त्यानुसार पुढे-मागे करावं.